निघून गेलेल्यांविषयी : अमरावतीच्या बिशप महोदयांस खुले पत्र

परमादरणीय बिशप महोदय,



वाशिम जिल्ह्यातील कॅथलिकांच्या वतीने लिहीत आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही; कारण आमची संख्या मुळातच तुटपुंजी, आणि तीही वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा अशा सहा तालुक्यांत इतकी विखुरलेली, की आमच्या वतीने बोलायला कोणास नेमावे म्हटले तर त्यासाठी सर्वांना एका जागी जमविणे हेच प्रथम दुर्घट. तरीही हे पत्र खाजगी न ठेवता जाहीरपणे लिहितो आहे, ते एवढ्याकरिता, की ज्यांच्याविषयी ते आहे ती माणसे आता आपल्या पत्रव्यवहाराच्या टप्प्यात राहिलेली नाहीत. ती स्नानसंस्कार झालेली, पांढऱ्या कपड्यांत पहिले कम्युनियन घेतलेली, दृढीकरणाच्या वेळी आपल्या पूर्वसूरींपैकी कोणाच्या तरी हातून कपाळावर पवित्र तेलाची खूण करून घेतलेली माणसे आहेत. आणि ती निघून गेली आहेत. कोणी प्रार्थनामंडळीत गेले, कोणी सासरच्या देवघरात विरघळून गेले, कोणी कोठेच गेले नाही, केवळ यायचे थांबले.

अशांविषयी आपल्या मंडळींत जे बोलले जाते ते मला पुष्कळदा ऐकावे लागले आहे. त्यांचा विश्वास कच्चा होता, त्यांना कोणी तरी आमिष दाखविले, धर्मशिक्षणाच्या वर्गाला ती कधी नीट बसलीच नाहीत, अशी ही एकंदर मखलाशी असते. आणि तीत एक सोय अशी, की ती मान्य केली म्हणजे मागे राहिलेल्या कोणालाही काही करावे लागत नाही. मला या मामल्यात आपल्यापुढे मांडावयाचे आहे ते निराळेच. ही माणसे संस्कारांना कंटाळून गेलेली नाहीत. त्यांना संस्कार मिळाले, पण एका संस्कारापासून दुसऱ्या संस्कारापर्यंतची जी लांबलचक वर्षे असतात त्या वर्षांत त्यांना विचारणारे कोणी नव्हते. आणि ती गेली त्या दिवशीही कोणी विचारले नाही.

आपल्या धर्मग्रामांतून स्नानसंस्काराची जी बाडे ठेवलेली असतात त्यांपैकी एक जुने बाड काही वर्षांपूर्वी, एका नातेवाइकाच्या विवाहाच्या दाखल्याकरिता, मी निवांतपणे चाळले. जाड पुठ्ठ्याची बांधणी, कडेला वाळवीने खाल्लेली पाने, प्रारंभीच्या नोंदी लॅटिनमध्ये आणि पुढच्या इंग्रजीत. जन्माची तारीख, संस्काराची तारीख, आईबापांची नावे, धर्मपित्याचे व धर्ममातेचे नाव, धर्मगुरूची सही. पानाच्या एका बाजूस रुंद समास सोडलेला, आणि त्या समासात पुढे कधी तरी वेगळ्या शाईने लिहिलेले : अमुक साली दृढीकरण, तमुक ठिकाणी विवाह. धर्मशास्त्राची तशी आज्ञाच आहे, की माणसाचे दृढीकरण, विवाह, धर्मगुरुदीक्षा किंवा व्रतदीक्षा यांची वर्दी त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपाशी यावी. शिरस्ता उत्तम आहे. कुठल्याही तहसील कचेरीला हेवा वाटावा असा. परंतु त्या बाडातील कितीतरी नावांचे समास कोरे होते. त्यांतली काही माणसे लहानपणीच वारली असतील, काही परगावी गेली असतील. आणि काही त्याच तालुक्यात, त्याच वस्तीत, पन्नास पावलांवर राहात असतील. कोऱ्या समासावरून यांतले काय खरे हे ओळखता येत नाही, आणि ते ओळखण्याची तजवीज आपल्या दप्तरात कोठेही नाही.

जर्मनीत तशी आहे, हे येथे सांगितले पाहिजे. तेथे चर्चचा कर सरकारमार्फत वसूल होत असल्यामुळे ज्याला चर्च सोडावयाचे त्याला सरकारी कचेरीत जाऊन तसे लिहून द्यावे लागते, आणि म्हणूनच २०२२ या एका सालात तेथे पाच लाख बावीस हजारांहून अधिक कॅथलिकांनी चर्च सोडले हे साऱ्या जगाला कळले. आपल्याकडे असे लिहून देण्याची गरज नाही आणि सोयही नाही. धर्मशास्त्राच्या विवाहविषयक कलमांत रीतसर कृती करून चर्च सोडणाऱ्याचा एक उल्लेख होता, तोही सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली काढून टाकला. स्नानसंस्काराची मुद्रा अमिट आहे, एकदा कॅथलिक तो कायमचा कॅथलिक, हा सिद्धांत मला शिरसावंद्य आहे. पण त्या सिद्धांताच्या आड असे झाले आहे, की शास्त्राप्रमाणे कोणी जातच नाही, आणि जे जातच नाहीत त्यांच्याविषयी चौकशी करण्याचे कारणही कोणाला वाटत नाही.

संस्काराचे सामर्थ्य तो देणाऱ्या धर्मगुरूच्या योग्यतेवर अवलंबून नाही, हे संत ऑगस्टीनने डोनाटिस्टांशी वाद घालताना ठासून सांगितले, आणि १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ते पक्के केले. सामान्य माणसाला हा मोठाच दिलासा आहे; नाही तर प्रत्येक मिस्सेच्या आधी धर्मगुरूच्या चारित्र्याची खातरजमा करीत बसावे लागले असते! पण त्याच परिषदेने ग्रहण करणाऱ्याने आड येऊ नये अशीही अट घातली होती; आणि द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचे जे संविधान काढले त्यात तर धर्मपालांना स्पष्ट बजावले आहे, की विधी वैध झाला एवढ्यावर त्यांचे कर्तव्य संपत नाही, भाविक त्यात जाणीवपूर्वक सहभागी होतात किंवा नाही हे पाहणेही त्यांच्याच माथी आहे. म्हणजे ज्याला आपण निघून गेलेल्याचा कच्चेपणा म्हणतो त्याचा अर्धा हिशेब परिषदेने आधीच धर्मपालांच्या खाती टाकून ठेवला आहे.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे पंडिता रमाबाई. त्या कॅथलिक नव्हत्या हे मी जाणतो. परंतु ज्या ॲंग्लिकन भगिनींच्या आश्रमात राहून, इंग्लंडातील वाँटेज येथे, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपल्या लहान मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला त्या आश्रमाची उपासनापद्धती आपल्यापासून फार लांबची नव्हती. विधी यथासांग झाला, शिक्षणही मिळाले, आणि तरी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त मिळाला नाही. हे त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीत उघड लिहिले, आणि वर, यात दोष कोणाचाच नव्हता, असेही उदारपणे नमूद केले. त्यांचे हे औदार्य आपण त्यांच्याकडेच ठेवावे हे बरे. आपण स्वतःला निर्दोष ठरविण्यासाठी ते उसने घेऊ नये. दुसरे उदाहरण नारायण वामन टिळकांचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये जवळजवळ दोन तपे राहिले, आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच बैठक होती. रमाबाईंनी काय किंवा टिळकांनी काय, ख्रिस्ताला सोडले नाही. ज्या चौकटीत तो त्यांना दाखविला गेला ती चौकट त्यांना पुरेना. आपल्या धर्मग्रामातून गेलेल्या एखाद्या मजुराच्या बायकोत आणि रमाबाईंत विद्वत्तेचे कितीही अंतर असले तरी या एका बाबतीत ते नाही.

आमच्या जिल्ह्याची परिस्थिती आणखी एका कारणाने वेगळी आहे. वाशिममध्ये ‘मिशन’ म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे कॅथलिक धर्मगुरू उभा राहात नाही, तर नाझरीन मंडळीचा दवाखाना उभा राहतो. मेथडिस्टांकडून घेतलेल्या जागेत डॉक्टर ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी १९३८ साली सुरू केलेले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे आमच्याकडील कितीतरी पिढ्यांचे जन्मस्थान आहे. अमरावती धर्मप्रांत नागपूरपासून वेगळा झाला तो १९५५ साली. तोवर येथे दुसऱ्यांचे स्तोत्रगायन, दुसऱ्यांची रविवारशाळा, दुसऱ्यांचे मराठी पवित्र शास्त्र रुजलेले होते. तेव्हा कॅथलिक घरातला एखादा मुलगा किंवा परगावाहून नोकरीस आलेली एखादी परिचारिका, जिच्या धर्मगुरूला तिच्यापर्यंत पोचायला एस.टी.ने अर्धा दिवस लागतो, ती घराशेजारच्या प्रार्थनेस जाऊन बसली तर तो धर्मत्याग म्हणावा, की नुसता शेजारधर्म, हा निर्णय मी आपल्यावर सोपवितो.

मालेगावकडील एका वस्तीत अशाच एका प्रार्थनेस मी जाऊन बसलो होतो. पत्र्याची खोली, भिंतीला टेकविलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी, एक खंजिरी, आणि ज्याला दिवसा कटलरीच्या दुकानात पाहिले होते असा पास्टर. उपदेशात मला नवीन असे काही सापडले नाही, आणि व्याकरण तर पार मोडलेले होते. पण उपदेश संपल्यावर तो एकेकापाशी गेला. एकीला गुडघ्याचे विचारले, एकाला मुलाच्या पोलिसभरतीचे, एका म्हातारीला तिच्या थांबलेल्या पगाराचे, ज्याला आमच्याकडे निराधारचा पगार म्हणतात. आणि ज्याचे त्याचे नाव घेऊन, डोक्यावर हात ठेवून त्याने प्रार्थना केली. त्या म्हातारीचा स्नानसंस्कार, विवाह, मुलांचे स्नानसंस्कार, सारे आपल्याच चर्चमध्ये झालेले. तिला मी नंतर विचारले, तर ती म्हणाली, ‘‘अठी माह्यं नाव घेऊन प्रार्थना करतात जी. तठी एवढे साल गेली, पन मले कोनं नाव बी इचारलं नाही.’’

या प्रार्थनामंडळ्यांची मी भलावण करतो आहे असा ग्रह कृपया करून घेऊ नये. आजार बरा होण्याची हमी देऊन औषधे सोडावयास लावणारे पास्टर मी पाहिले आहेत. रोजमजुरीच्या पैशातून दशमांश काढून घेणारे पाहिले आहेत. आणि एका मंडळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत भटकून शेवटी कोठेच न टिकलेली कुटुंबेही पाहिली आहेत. ज्या ख्रिस्तशरीरापुढे आपण गुडघे टेकतो त्याच्या जागी तेथे काहीच नाही, ही उणीव मला स्वतःला फार बोचते. पण म्हातारीचे नाव त्यांना ठाऊक आहे. या एका गोष्टीपुढे माझे सारे ईशज्ञान तिच्या लेखी व्यर्थ आहे, आणि तिला चूक म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

प्रार्थनामंडळीत गेलेल्यांची चर्चा तरी होते. त्यांच्याहून अधिक माणसे जेथून गळतात ती जागा विवाहाची आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. विखुरलेल्या समाजात मुलाला कॅथलिक मुलगी आणि मुलीला कॅथलिक मुलगा सापडणार कोठून? नात्यात, जातीत, शेजारात स्थळ येते. मांडव घालून किंवा निबंधकाच्या कचेरीत लग्न होते. आणि चर्चची परवानगी व सूट न घेता झालेल्या अशा लग्नानंतर त्या कॅथलिक जोडीदाराला कम्युनियन घेता येत नाही. पहिल्या रविवारी तो रांगेत उभा राहात नाही, बाकीचे पाहतात, पुढच्या रविवारी तो मागच्या बाकावर बसतो, मग नाताळलाच येतो, मग तेव्हाही येत नाही. वास्तविक अन्यधर्मीय जोडीदाराशी विवाह करण्यास सूट देण्याचा अधिकार आपल्या हाती आहे, आणि झालेला विवाह पुन्हा विधी न करताही मुळापासून वैध करून घेण्याची तरतूद धर्मशास्त्रात आहे. पण हे ज्यांना माहीत असावयास हवे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. वीस-वीस वर्षे बाहेर राहिलेली माणसे मला भेटली, ज्यांना आपण कायमचे बहिष्कृत आहोत असे वाटत होते. आणि एका अर्जाने जे मिटले असते ते एका आयुष्याएवढे लांबले होते.

दुसरी गळती कागदाची. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ज्या वऱ्हाडात १९५६ च्या दीक्षेनंतर एकाच भावकीतील एक घर बौद्ध आणि एक घर ख्रिस्ती असे झाले, तेथे याचा अर्थ काय होतो हे मी आपणास सांगावयास नको : सख्ख्या चुलतभावांपैकी एकाच्या मुलाला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह, दुसऱ्याच्या मुलाला नाही. मग घरातला स्नानसंस्कार चोरून होतो, किंवा होतच नाही, किंवा झाला तरी शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात दुसरेच काही लिहिले जाते. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा दावा फेटाळताना तिच्या बालपणीच्या बाप्तिस्म्याची आणि ती नियमाने चर्चला जात असल्याची रुजुवात घेतली, आणि केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे सांगणे ही राज्यघटनेशी प्रतारणा ठरविली. त्या निकालाच्या कायदेशीरपणाविषयी बोलण्याची माझी पात्रता नाही. पण आमच्या पानठेल्यांवर त्याचा सारांश असा पोचला, की चर्चमध्ये दिसणे हाच पुरावा आहे. आणि ज्याची मुलगी यंदा बारावीला आहे त्याने यापुढे चर्चमध्ये दिसू नये हे ओघानेच आले. अशा बापाला धर्मनिष्ठेवर प्रवचन देणाऱ्याने आधी त्या मुलीची फी भरावी. आणि आपल्या बिशप परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे जे धोरण जाहीर केले त्यात ख्रिस्तसभेतही जातिभेद नांदतो हे मान्य केलेले असताना, हा माणूस सरकारच्या लेखी दलित नाही आणि आपल्या पंगतीत मात्र आहे, ही दुहेरी शिक्षा त्याने किती काळ भोगावी?

भाषेविषयी लिहावे की नाही या विचारात होतो, कारण आपले कितीतरी धर्मगुरू केरळातून, मंगळुराकडून, गोव्याकडून घरदार सोडून येथे आले आणि वऱ्हाडच्या उन्हात झिजले, त्यांच्या श्रमांची अवहेलना माझ्या हातून होऊ नये. परंतु विल्टशरहून आलेल्या एका इंग्रजाने, फादर स्टीफन्सने, पुराणांची गोडी लागलेल्या नवख्रिस्तींच्या हाती वाचावयास काही तरी असावे म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तर मग संस्कारानंतर माणसाला त्याच्या बोलीत रमविणारे काही लागते, हे चारशे वर्षांपूर्वी उमगलेले शहाणपण रिसोडच्या एका पापस्वीकाराच्या वेळी का उपलब्ध नसावे? पाप सांगायला माणूस वऱ्हाडीच वापरतो. वसईकडे हा प्रश्न नाही. तेथे गावेच्या गावे कॅथलिक, धर्मगुरू त्याच मातीतले, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष त्यांच्यातून निघालेला. तेथे एखादा मिस्सेला आला नाही तर सोमवारी बाजारात चार जण विचारतात. आमच्याकडे तो आला नाही हे कळावयास नाताळ उजाडतो.

आणि जे कोठेच गेले नाहीत, पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीस लागून केवळ विसरले, त्यांच्याविषयी मी फार लिहीत नाही. त्यांच्यापैकी काहींना संस्कार म्हणजे शाळेचा दाखला काढण्याइतकेच वाटले, कारण आपण तो तसाच दिला : वर्ग भरला, उत्तरे पाठ झाली, छायाचित्र निघाले, केक कापला. मिशनशाळा चालविणाऱ्या धर्मगुरूचा सारा दिवस प्रवेश, अनुदान, शिक्षणाधिकाऱ्यांचे शेरे यांत जातो, हे मला शिक्षक या नात्याने पुरते ठाऊक आहे. आणि त्या शाळांनी या जिल्ह्याचे हित केले यातही शंका नाही. परंतु शाळेत किती मुले आहेत हे ज्याला तोंडपाठ असते त्याला आपल्या धर्मग्रामात किती घरे बंद झाली हे सांगता येत नाही, यात शाळेचा दोष नसून वाटणीचा दोष आहे.

माझी मागणी लहान आहे. धर्मग्रामाच्या बाडांतील कोरे समास एकदा उतरून काढावेत, आणि त्या नावांपैकी जी माणसे अजून या जिल्ह्यात आहेत त्यांच्या घरी कोणी तरी जावे. जाणारा धर्मगुरूच असला पाहिजे असे नाही. वऱ्हाडी बोलणारी एखादी सिस्टर किंवा एखादा पोक्त प्रापंचिक असला तरी चालेल, किंबहुना बरे. त्याने परत या म्हणून सांगू नये, पत्रके देऊ नयेत, जपमाळ देऊ नये. ‘‘तुम्ही का गेलात?’’ एवढे विचारावे, आणि उत्तर मिळेल ते ऐकून लिहून आणावे. लग्नामुळे बाहेर राहिलेल्यांना कोणता अर्ज कोठे करावयाचा ते मात्र त्याच भेटीत सांगावे, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज तेथल्या तेथे लिहून घ्यावा. ही भेट रविवारी ठेवू नये, कारण त्या दिवशी ती माणसे आपापल्या प्रार्थनेला गेलेली असतात. सोयाबीनच्या काढणीतही नको, कारण तेव्हा दिवेलागण झाल्याशिवाय कोणी घरी नसते. दिवाळी उलटल्यावर तुरी निघेपर्यंत मधले काही आठवडे संध्याकाळी सवड असते. आगमनकाळही त्याच सुमारास येतो. आपण हुकूम दिलात तर मंगरुळपीर तालुक्यातील घरे दाखवावयास मी बरोबर येईन.

आपला नम्र,
मंगरुळपीर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक